पहिला कप डॉक्टरांचा

दुकानावर पाटी नव्हती आणि पाटीवाचून कुणाचं अडलंही नाही. चौकात विचारलं की लोक सांगत, "डॉक्टर ना? ते काय, फूटपाथवर मशिनं उघडी पडलीत तिथे." हे डॉक्टर माणसांचे नव्हते. जनरेटर, गवत कापायची मशिनं, पाणी उपसायचे पंप, दोन माणसांना उचलता येईल असं कुठलंही पेट्रोलचं इंजिन त्यांच्याकडे यायचं. डॉक्टर आधी त्याच्याकडे नुसते बघायचे. मग वाकून कान लावायचे. मग मालकाकडे असं बघायचे, जणू दुखणं त्यालाच झालंय. "किती दिवस उपाशी ठेवलं होतं याला?" असं त्यांनी विचारलं की मालक खरोखर ओशाळायचा.

लोकांना हे सगळं फार आवडे. त्यांना जे दिसत नसे ते मागच्या खोलीत चालायचं.

मागच्या खोलीत खिडकीखाली, एका बुटक्या स्टुलावर डॉक्टरांची बायको बसायची. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. वहिनींच्या पुढ्यात एक पोचे आलेलं ताट असे आणि ताटात सुटा केलेला कार्ब्युरेटर. पेट्रोल आणि हवा ज्यात एकत्र होतात तो हा मुठीएवढा भाग. छोट्या इंजिनाची निम्म्याहून जास्त दुखणी त्यातच असतात. आत जेट म्हणून एक पितळी स्क्रू असतो, त्याला मधोमध केसाएवढं भोक. तिथे कचऱ्याचा एक कण बसला की अख्खं इंजिन आडवं. डॉक्टरांची बोटं जाड. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांच्या हातून एक स्प्रिंग लागोपाठ तिसऱ्यांदा उडाली, तेव्हा स्वयंपाकघरातून येऊन वहिनींनी ती शोधून दिली आणि "द्या इकडे" म्हणत बसवूनही दिली. त्या "द्या इकडे"ला आता चोवीस वर्षं झाली होती. माहेरचं कुणी विचारलं तर वहिनी म्हणत, "दुकानात थोडा हातभार लावते." थोडा म्हणजे दिवसाला पाच-सहा कार्ब्युरेटर, आणि संध्याकाळी दुरुस्त झालेली मशिनं साबणाच्या पाण्याने धुऊन चकचकीत करायची ती वेगळीच.

त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं, हे खरं. नवऱ्याचं नाव होत होतं, घर चालत होतं, मुलगी शिकत होती. बाईमाणसाने याहून जास्त काय मागायचं, असं त्या म्हणत नसत. तेवढ्या जुन्या वळणाच्या त्या नव्हत्या. पण मागायला सवडही नव्हती.

डॉक्टरांची एक पद्धत होती, आणि तिच्यावर त्यांचं अर्धं नाव उभं होतं. दुरुस्त झालेलं इंजिन ते गिऱ्हाइकाच्या पेट्रोलवर कधी चालू करत नसत. टाकी पुरती रिकामी करायची, पुसायची, आणि मग स्वतःच्या निळ्या कॅनमधून एक कप पेट्रोल घालायचं. त्याचे पैसे नाहीत. "पहिला कप डॉक्टरांचा," ते म्हणायचे. "माझ्या पेट्रोलवर पळालं ना? म्हणजे इंजिन ठणठणीत. आता पुढे बंद पडलं तर दोष तुम्ही काय पाजता त्याचा." मग दोरी ओढायची. इंजिन धडधडायचं, गिऱ्हाईक हसायचं, डॉक्टर फडक्याला हात पुसायचे. त्या कपाचं लोक चार ठिकाणी कौतुक सांगत.

मुलगी एकुलती एक. घरात तिला चिऊ म्हणत. रसायनशास्त्र घेऊन पदवी झाली आणि चिऊला मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर नोकरी लागली. गाड्यांत पेट्रोल भरायची नव्हे, ऑफिसातली. पण तिचं खरं काम ऑफिस उघडायच्या आधीच व्हायचं. रोज सकाळी जमिनीतल्या टाकीत लांब पट्टी सोडायची, पट्टीच्या टोकाला एक मलम लावलेलं असतं. तळाशी पाणी असेल तर मलमाचा रंग बदलतो. याला डिप घेणं म्हणतात. ते बघायचं, नोंदवहीत लिहायचं, सही करायची, मगच विक्री सुरू. "माझ्या सहीशिवाय पंपाचं तोंड उघडत नाही," असं चिऊ पहिल्या आठवड्यात म्हणाली होती, आणि डॉक्टरांनी ते वाक्य महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. "आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पेट्रोलच. बाप इंजिन बघतो, लेक इंधन बघते." मागच्या खोलीत वहिनी ते ऐकत आणि जेटमधून तार फिरवत. आपलं नाव त्या वाक्यात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

मग एका उन्हाळ्याच्या अखेरीस मशिनं परत यायला लागली.

पहिल्यांदा आला तो गवतवाला. मोठमोठ्या इमारतींच्या आवारातलं गवत कापायचं कंत्राट त्याच्याकडे होतं. त्याची तीन मशिनं दुरुस्त होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते, आणि तिन्ही बंद. वहिनींनी कार्ब्युरेटर उघडले. खालच्या वाटीत पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळत होते आणि धातूवर पिठासारखी पांढरी बुरशी धरली होती.

"पाणी आहे हो," त्या आतून म्हणाल्या.

डॉक्टरांनी टाक्या रिकाम्या केल्या, पुसल्या, आपला कप घातला. मशिनं सुरू झाली. आठवड्याने त्यातली दोन परत आली.

गवतवाला तसा बरा माणूस. पण माळी हातावर हात ठेवून बसले होते आणि गवत गुडघ्याला लागलं होतं. त्याचा आवाज चढला. "डॉक्टर, आता सांगून टाका. तुमच्या हातात गुण राहिला नाही की माझ्या नशिबात?"

असलं बोलणं डॉक्टरांना आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. आजूबाजूला चार माणसं होती. डॉक्टरांचे कान लाल झाले.

"हातात गुण नाही? अहो, माझ्या पेट्रोलवर दोन्ही पळाली की नाही तुमच्यादेखत? मग इथून गेल्यावर काय झालं? पेट्रोल कुठलं भरता?"

"मोठ्या रस्त्यावरच्या पंपाचं. दुसरीकडे कुठे जाऊ?"

"मग तिथे जाऊन भांडा. पाणी विकतायत लेकाचे."

"लिहून द्या."

वहिनींच्या हातातली तार थांबली. त्या उठून दारापर्यंत आल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बिलबुकाच्या पाठीमागे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, "टाकीत पाणी. पंपाच्या पेट्रोलमुळे. इंजिनात दोष नाही." खाली लफ्फेदार सही.

गवतवाला गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "अहो, चिऊ आहे ना तिथे."

"चिऊचा काय संबंध? पेट्रोल टँकरने येतं. मालक आणि टँकरवाला बघून घेतील."

"डिप ती घेते."

"अगं, ती नोकर आहे तिथे. नोकराला कोण विचारतं?"

विचारलं ते नोकरालाच. गवतवाल्याने पंपावर तो कागद फडकावला तेव्हा पेट्रोलसाठी रांग लागली होती. रांगेतल्या निम्म्या लोकांना डॉक्टर ठाऊक होते. दोन दिवसांत पंपावरची गर्दी ओसरली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी चिऊ घरी आली. पिशवीत डबा तसाच होता.

"काढलं," ती म्हणाली.

डॉक्टर जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"मालक म्हणाले, तुझ्याच वडिलांनी लिहून दिलंय, मग मी काय बोलणार. म्हणे मी डिप न घेताच सह्या ठोकत होते." चिऊ रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं वहिनींना वाटलं. "बाबा, तुम्ही मला एकदा विचारायचं तरी. संध्याकाळी मी घरीच येते. लांब नव्हते मी कुठे."

"मी तुझं नाव लिहिलं का त्यात?"

"सही माझीच असते रोज. नाव वेगळं कशाला लिहायला हवं?"

डॉक्टर ताटावरून उठले. "त्या मालकाला बोलतो मी," असं म्हणत हात धुवायला गेले, आणि हात धुऊन दुकानात गेले. मालकाला बोलायला ते गेले नाहीत.

आणि मग वहिनींनी ते केलं, जे पुढे त्यांना कितीतरी दिवस खात राहिलं. चिऊच्या पाठीवर हात ठेवून, अगदी मायेने, त्यांनी विचारलं, "एखाद्या दिवशी राहून गेलं असेल का गं? घाईत? मी रागावणार नाही."

चिऊने आईकडे पाहिलं. "नाही राहिलं," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. जोरात आपटलं नाही. हळू लावलं.

मुलांवर विश्वास नसतो असं नाही. पण आईच्या मनात भीती आधी येते, विश्वास मागाहून. लेक चुकली असेल तर सावरून घेऊ, या तयारीत आपण इतके असतो, की ती चुकलीच नसेल हे सुचायला उशीर होतो. वहिनींना महिना लागला.

त्या महिन्यात चिऊने आणखी दोन पंपांवर अर्ज केला. पहिल्या ठिकाणी तिला चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने तोंडावर विचारलं, "ती डिपवाली तूच ना?" त्यानंतर ती बाहेर पडेना. दिवसभर घरात वावरे, सांगितलं ते काम करी, आणि बाबांच्या पुढ्यात ताट वाढून ठेवून निघून जाई. बापलेकीत बोलणं उरलं होतं ते "मीठ दे" आणि "घ्या" एवढंच. डॉक्टर दुकानात पूर्वीसारखेच होते. किंबहुना अधिक मोठ्याने बोलत. आता कुठलंही मशीन आलं की ते पहिलाच प्रश्न विचारत, "पेट्रोल कुठलं?"

मशिनं मात्र येतच होती. ज्यांनी पंप बदलला त्यांचीही. डॉक्टरांकडे त्यावर उत्तर होतं. "सगळे एकाच माळेचे मणी. टँकर एकच ना."

मग दातवाल्या बाई आल्या. त्या खऱ्या डॉक्टर, दातांच्या. पण या दुकानात डॉक्टर ही पदवी आधीच दिलेली असल्यामुळे त्यांना दातवाल्या बाई म्हणत. त्यांनी दवाखान्यासाठी नवा जनरेटर घेतला होता. दीड महिन्यापूर्वी तो खोक्यातून काढून थेट इथेच आणला होता, डॉक्टरांच्या हातून सुरू करून घ्यायला. तो सुरू होत नव्हता.

"पेट्रोल कुठलं भरलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"भरलंच नाही हो. तुम्ही त्या दिवशी सुरू करून दिलात, मी नेऊन ठेवला. दीड महिना दिवे एकदाही गेले नाहीत. काल म्हटलं बघावं तरी, तर हा ढिम्म. रुग्णांना मी भूल देते, याला कोणी दिली?" बाई स्वतःच हसल्या.

डॉक्टरही हसले आणि जनरेटर त्यांनी मागे सरकवला. त्यांच्या डोक्यात काही आलं नाही. वहिनींनी कार्ब्युरेटर काढला, वाटी सोडवली, आणि उजेडात तिरकी धरली.

पाणी.

त्या बराच वेळ ती वाटी धरून बसल्या. या इंजिनात आयुष्यात एकच कप पेट्रोल गेलं होतं.

दुपारी डॉक्टर आडवे झाल्यावर वहिनींनी निळा कॅन आत आणला. तो कायम मागच्या अंगणात असे, त्या जिथे मशिनं धुवायच्या त्या ओट्याला टेकून. झाकण फिरवलं तर ते नुसतंच गरगरलं. आतली रबरी चकती नव्हती. आणि मग त्यांना आठवलं. गेल्या वर्षी कुणाच्या तरी पाणी उपसायच्या पंपाच्या टाकीच्या झाकणाची चकती फाटली होती, बाजार बंद होता, आणि डॉक्टरांनी या झाकणातली काढून तिथे बसवली होती. "उद्या नवी आणतो," ते म्हणाले होते. झाकणाभोवती एक खोलगट कडा होती, तिच्यात पाणी साचून सुकल्याच्या रेघा होत्या, एकावर एक, बऱ्याच दिवसांच्या. दुपारी उन्हात कॅन फुगायचा, संध्याकाळी वहिनी पाइप घेऊन मशिनं धुवायच्या तेव्हा निवायचा, आणि निवताना कडेचं पाणी आत ओढून घ्यायचा. कॅन पुरता रिकामा कधी झालाच नव्हता. निम्म्यावर आला की वर भरायचा, हीच रीत. तळाचं तळाशीच साठत राहिलं, आणि ओतताना त्यातलं थोडं कपात यायचं. इंजिन तेव्हा चालायचं, पाणी मागाहून कार्ब्युरेटरच्या वाटीत उतरायचं.

पण हेच पाणी पंपावरून आलेलं नाही कशावरून? वहिनींनी स्वतःलाच तो प्रश्न घातला. लेकीच्या बाजूने मन लगेच धावू नये म्हणून, जरा कठोरपणेच. कॅन पुरता उपडा करून त्यांनी तळाचं सगळं एका काचेच्या बरणीत घेतलं. वर पेट्रोल, खाली चार बोटं गढूळ पाणी. वरचं पेट्रोल ओतून टाकलं, बरणीत राहिलेल्या पाण्यात बोट बुडवलं, चिमटीत चोळलं. बुळबुळीत लागलं. झाकण लावून बरणी हलवली.

फेस आला. पांढरा, दाट, धुण्याच्या पावडरचा.

पंपाच्या टाकीत साबण कोण घालणार?

वहिनी खाली बसल्या. चकती त्यांची, म्हणजे नवऱ्याची, पाइप आपला. दोघांनी मिळून ही करामत केली होती. त्यांना क्षणभर हसू आलं.

डॉक्टर उठून आले तेव्हा बरणी स्टुलावर होती. वहिनींनी एकही शब्द वाढवून सांगितला नाही. दातवाल्या बाईंचा जनरेटर, झाकण, चकती, फेस. डॉक्टरांना इंजिन कळत होतं. त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. त्यांनी बरणी उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. मग झाकण बोटांनी उलटसुलट करत राहिले.

"नवा कॅन आणतो," ते म्हणाले.

"आणा. आणि पंपावर जाऊन सांगा."

"काय सांगू?"

"काय सांगू म्हणजे? पाणी आपल्या कॅनमधलं होतं म्हणून. लिहून दिलं होतंत ना, तसंच लिहून द्या."

डॉक्टर उंबऱ्यावर टेकले. एवढे दमलेले ते कधी दिसले नव्हते. "अगं, तू नीट विचार कर. मी लिहून दिलं की मीच सगळ्यांच्या मशिनांत साबणाचं पाणी घातलं, फुकट, स्वतःच्या हाताने, तर उद्या इथे कोण येईल? चोवीस वर्षं लागली हे नाव व्हायला. दुकान बसलं तर आपण तिघं खायचं काय?"

"आणि तिचं नाव?"

"ती तेवीस वर्षांची आहे. तिला दुसरी नोकरी मिळेल. मला दुसरं नाव मिळेल का या वयात?"

वाईट हे, की वहिनींना ते पटत होतं. घरातलं पीठ-मीठ त्याच नावावर येत होतं. त्यांना नवऱ्याचा राग आला, आणि त्यांचं म्हणणं पटतं म्हणून स्वतःचा त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बरणी पिशवीत घालून एकट्याच पंपावर गेल्या. मालकाने बसायला खुर्ची दिली, बरणी पाहिली, फेसही करून पाहिला. माणूस हुशार होता.

"वहिनी, मला खरं वाटतंय," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू, मी त्याच आठवड्यात टाकी तपासून घेतली होती. थेंबभर पाणी नव्हतं."

"मग तिला काढलंत का?"

"गिऱ्हाईक परत आणायचं होतं. डॉक्टर म्हणतात पाणी आहे, तर मी नाही म्हणून कोण ऐकणार? कुणाला तरी काढलं असं दिसायला हवं होतं." त्याने बरणी अलगद पुढे सरकवली. "हे बघा, डॉक्टरांना इथे पाठवा. चार माणसांत येऊन म्हणू देत की चूक माझी होती. त्याच दिवशी पोरीला परत घेतो. पण तुमच्या म्हणण्यावर नाही घेता येणार. तुम्ही आई आहात. आई कुणाला खरी वाटते?"

घरी येऊन त्यांनी चिऊला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, पाइप आपला होता हेही. चिऊ कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने घड्या थांबवल्या नाहीत.

"बाबा जाणार आहेत?"

"जातील. जरा वेळ दे त्यांना."

"बरं," चिऊ म्हणाली. त्या "बरं"मध्ये महिनाभरात पहिल्यांदाच थोडी धुगधुगी होती, आणि वहिनींना तिचीच भीती वाटली.

पंधरा दिवस गेले. नवा कॅन आला, पांढरा, चांगल्या घट्ट झाकणाचा. डॉक्टर तो आता घरात ठेवत. मशिनं परत येणं थांबलं. एकही नाही. वहिनी रोज सकाळी नवऱ्याच्या चपलांकडे बघत, आज पायात चढतात का. डॉक्टर दुकानाच्या पायरीपलीकडे गेले नाहीत. विचारलं की म्हणत, "बघू." मग नुसतंच "हं." चिऊने एकदाही विचारलं नाही. ती बापाच्या पुढ्यात ताट ठेवून आता लगेच निघून जात नसे, एवढंच. जरा थांबे. पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे करी. डॉक्टर खाली मान घालून जेवत.

मग गवतवाला आला. एक जुनं मशीन सर्व्हिसिंगला दिलं होतं ते न्यायला, आणि स्वारी खुशीत होती. दुकानात दोघं-तिघं आणखी होते.

"डॉक्टर, मानलं तुम्हाला!" तो फूटपाथवरूनच ओरडला. "तुमच्या त्या कागदाने काम केलं. पोरीला काढलं आणि उशिरा का होईना, पेट्रोल सुधारलं बघा. गेल्या पंधरा दिवसांत माझं एक मशीन बसलेलं नाही."

"माझंही नाही," बाकावरचा दुसरा म्हणाला. "एका माणसाच्या कामचुकारपणाने किती जणांना भोगावं लागतं."

वहिनी कधी पुढच्या दुकानात येत नसत. आज आल्या. हात पेट्रोलने ओले होते, ते तसेच घेऊन.

"पेट्रोल सुधारलं नाही," त्या म्हणाल्या. "ते पहिल्यापासून चांगलंच होतं. पाणी आमच्या कॅनमध्ये होतं. मी धुते तिथलं. झाकणाला चकती नव्हती. तुमच्या मशिनांत पाणी आम्ही घातलं."

बाकावरच्यांनी माना वर केल्या. मग गवतवाला हसला, वाईट नाही, समजूत घालावी तसं. "वहिनी, कळतं हो मला. मलाही दोन मुली आहेत. लेकीवर आलं की आईचा जीव तुटतोच. पण म्हणून नवऱ्याच्या हातावर बोट ठेवू नका. या हातासारखा हात नाही कुठे."

"मी खरं सांगतेय. यांना विचारा."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. वहिनींनीही पाहिलं, आणि त्याच वेळी त्यांना दिसलं की आतल्या दारात चिऊ येऊन उभी आहे. तीही बापाकडेच बघत होती.

डॉक्टर मशीनवर वाकले होते. त्यांनी दोरीची मूठ धरली आणि ओढली. एका झटक्यात इंजिन लागलं. कार्ब्युरेटर वहिनींनी कालच साफ केला होता. आवाज एकसारखा, स्वच्छ होता, कुठे अडखळ नाही. डॉक्टरांनी वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. गरजेपेक्षा बराच वेळ. त्या आवाजात कुणाला काही बोलता येत नव्हतं आणि कुणी काही ऐकू शकत नव्हतं. मग त्यांनी ते बंद केलं. एकदम शांतता झाली. बोलायला पुरेल एवढी.

"घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. "आता तक्रार येणार नाही."

गवतवाल्याने मशीन गाडीत चढवलं. वळताना त्याची नजर दाराकडे गेली. "अरे, हीच का ती?" तो मायेने म्हणाला. "मनाला लावून घेऊ नको गं, बाळ. होतात चुका. वयच आहे तुझं. यापुढे जिथे जाशील तिथे मात्र लक्ष देऊन काम कर, काय?"

वहिनींनी तोंड उघडलं. चिऊने त्यांच्याकडे बघून अगदी थोडी मान हलवली. नको.

"हो काका," चिऊ म्हणाली. "लक्ष देईन."

आणि ती आत गेली. बाकावरचे दोघं आपसांत म्हणाले, पोर गुणी आहे, उलटून बोलत नाही. डॉक्टर फडकं घेऊन हात पुसत राहिले, पुसून झाले तरी पुसत राहिले.

वहिनी मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसल्या. ताटात पाणी उपसायच्या एका पंपाचा कार्ब्युरेटर सुटा पडला होता, वाटी, पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, जेट. दारातून डॉक्टरांचा आवाज आला, नेहमीसारखाच, फक्त जरा हळू.

"अगं, तो पंपाचा झाला का? माणूस आलाय न्यायला."

वहिनींनी जेट उचलला, खिडकीकडे धरला. भोकातून उजेडाचा ठिपका आरपार दिसत होता.

"पाच मिनिटं," त्या म्हणाल्या, आणि जोडायला लागल्या.